कोगनोळीला इंजिन गप झालं

लाल फडक्याची घट्ट गाठ.

आठ सिलिंडरवालीसारखी गुरगुरणारी चार सिलिंडरची गाडी.

बोनेटवर दोनदा वाजवलेलं वाकडं बोट.

सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेली म्हातारी.

आणि भर दुपारी, ट्रकांच्या गर्दीत पडलेली शांतता...

हे सगळं एकाच दिवसातलं आहे. आणि घडलेलं आहे. कुणाला खोटं वाटलं तर बरंच. आशुतोषलाही ते खोटंच वाटायला हवंय.

मागच्या मार्चातली गोष्ट. रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. कोगनोळीच्या नाक्यावर ऊन नुसतं भाजत होतं.

बेळगावच्या टिळकवाडीतले श्रीपाद आप्पा वारले, त्याला चौथा दिवस होता. आप्पांनी जन्मभर पॉलिटेक्निकात पोरांना इंजिनं शिकवली. खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शेजारच्या खोलीत कुणाला कळलंसुद्धा नाही.

आशुतोष त्यांचा एकुलता एक. बेंगळुरूला नोकरी. अस्थी नरसोबाच्या वाडीला, कृष्णेत सोडायच्या होत्या. गाडी तोच चालवणार होता. मागच्या सीटवर मांडीत लाल फडक्यानं बांधलेलं अस्थींचं गाडगं धरून सुनंदाआत्या. आप्पांची थोरली बहीण, उचगावची.

निघताना ती एवढंच म्हणाली, "गाडगं खाली टेकवायचं न्हाय. आन गाडी गप होऊ द्यायची न्हाय. शिवेवर तर मुळीच न्हाय."

"का गं आत्या?"

"गाडी गप झाली की त्येला वाटतंय ठिकाण आलं. उतरतो तो. मग हिकडचा न्हाय आन तिकडचा बी न्हाय."

"आत्या, ही काय बैलगाडी आहे?"

"मेलेल्याला सगळ्या गाड्या सारख्याच रं."

गाडी दिवाळीतली. आशुतोषनं घेतली आणि आप्पांसाठी बेळगावातच ठेवली. घ्यायला बापलेक दोघं गेले होते. शोरूममधला स्वरूप नावाचा मुलगा मोठ्या कौतुकानं दाखवत होता. इंजिन लहान, दोनच लिटर. पण टर्बो असा की जुन्या मोठ्या इंजिनांना मागं टाकेल. पेट्रोल कमी. धूर कमी.

"आन आवाज एवढा कसा रं?" आप्पांनी विचारलं.

"स्पीकरमधून येतो सर. लहान इंजिनाला एवढा आवाज नसतो. गिऱ्हाइकाला तर लागतो."

"म्हणजे मांजरानं वाघाचं कातडं पांघरलंय."

स्वरूप हसला. मग फेरी मारताना त्यानं गाडी सिग्नलला उभी केली. इंजिन आपोआप गप झालं. ब्रेकवरचा पाय उचलला, चालू झालं.

आप्पा मात्र हसले नाहीत.

"लहान इंजिन वाईट न्हाय. कमी खातंय, जास्त ओढतंय. पण गप करायचं ते माणसानं. यंत्रानं आपल्या मर्जीनं गप होऊ नये बाबा."

घरी आल्यावर उतरले आणि बोट वाकवून बोनेटवर दोनदा वाजवलं.

टक्. टक्.

ही त्यांची जुनी सवय. कुठल्याही गाडीतून उतरले की असंच. रिक्षा असो, कॉलेजची जीप असो. बैलाच्या पाठीवर थाप मारावी तसं. "दमली असेल बिचारी," म्हणायचे.

तर, चौथा दिवस.

हत्तरगीच्या टोलला गाडी पूर्ण थांबली. इंजिन चालूच राहिलं. आशुतोषच्या ते ध्यानातही आलं नाही. संकेश्वर गेलं. तवंदीचा घाट गेला. आत्या अधूनमधून गाडग्याशी बोलत होती.

"घाट आला बघ श्रीपाद. सावकाश. पोरगं चालवतंय, भिऊ नको."

निपाणी मागं पडली. कोगनोळीला पोलिसांनी रांग लावली होती. पुढं ट्रक. मागं ट्रक. कर्नाटक इथं संपतं.

"शीव आली. बसून ऱ्हा श्रीपाद. उतरू नको."

गाडी थांबली.

आणि...

इंजिन गप झालं.

स्पीकरमधली गुरगुर गेली. एसीचा वारा गेला. आशुतोषनं ब्रेकवरचा पाय उचलला. काही नाही. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला.

काही नाही.

बाहेर ट्रक उभे होते. एकाचाही आवाज आत येत नव्हता. मागच्या सीटवर आत्यानं श्वास धरला होता, तेवढा ऐकू येत होता.

मग...

टक्.

टक्.

बोनेटवर. डाव्या बाजूला.

काचेपलीकडं कुणीच नव्हतं. नुसतं ऊन.

आणि इंजिन आपणहून चालू झालं. एसी सुरू झाला. मागचा ट्रक केव्हापासून हॉर्न वाजवत होता, कुणास ठाऊक.

"उतरला रं तो," आत्या म्हणाली.

"आत्या, सिग्नलला बंद पडतेच ही. कंपनीनंच तशी केलीय."

"आन वाजवलं कुणी? कंपनीनं?"

आशुतोषनं गाडी पुढं काढली.

"गाडगं हलकं झालंय. बघ धरून."

त्यानं धरून बघितलं नाही.

वाडीला पोचले. घाटावर आशुतोषनं अस्थी सोडल्या. आत्या पायरीवरच बसून राहिली. पाण्याकडं बघितलं नाही की हात जोडले नाहीत.

"रिकामं गाडगं बुडवलंस. भाऊ माझा तिकडं हायवेवर हुभा हाय. उन्हात. कुठं जायचं कुणी सांगंल त्येला?"

ती रडत नव्हती. म्हणून आशुतोषला जास्त भीती वाटली. त्यानं गाडी परत फिरवली.

नाक्याच्या पुढं जाऊन वळसा घेतला आणि पुन्हा त्याच जागी आले. आता रांग नव्हती. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं. आत्या उतरली. रस्त्याकडेचा एक खडा उचलून पदरानं पुसला. दहाव्यापर्यंत मेलेल्याचा जीव ज्यात धरतात, तसला जीवखडा. खरा घरी होता. पण तिला इथला हवा होता.

मागचं दार उघडून ती बाजूला सरली. माणसाला वाट द्यावी तशी.

"श्रीपाद, चल बाबा. चुकलं आमचं. अजून ठिकाण आलं न्हाय."

एक पोलीस बघत होता.

आशुतोष आरशातून रिकामी सीट बघत होता. आत्यानं दार लावलं आणि ती दुसऱ्या बाजूनं येऊन बसली. मधली जागा सोडून.

पुन्हा वाडी. आशुतोषनं बटण दाबून इंजिन स्वतःच्या हातानं बंद केलं. दोघं तसेच बसून राहिले. उतरले असतील तर वाजवतील. जन्मभराची सवय, ती काय मोडणार...

घाटावरची घंटा वाजली. कुणीतरी कपडे आपटत होतं. एक होडी गेली.

बोनेट गप्प.

आत्यानं मुठीतला खडा बराच वेळ चाचपला.

"ह्यात कोण न्हाय," ती म्हणाली. "चल घरी."

"मग आप्पा कुठं आहेत, आत्या?"

"मला काय इचारतोस? तुझ्या गाडीला इचार."

तो खडा तिनं नदीत टाकला नाही. गाडीतच ठेवला, गिअरजवळच्या खळग्यात. अजून तिथंच आहे. आशुतोष तो काढत नाही. टाकायचा कुठं, ते त्याला कळत नाही.

महिन्यातून एकदा तो बेळगावला येतो, गाडी काढतो आणि कोगनोळीपर्यंत जातो. कडेला उभी करतो. मागचं दार उघडतो. थोड्या वेळानं लावतो. परत येऊन घराच्या फाटकापाशी थांबतो, पण इंजिन लगेच बंद करत नाही. भीती दोन्हीची वाटते. टक् टक् झालं तर... आणि नाही झालं तर.

त्या दिवसानंतर गाडी एकदाही आपोआप गप झाली नाही. सिग्नलला नाही, टोलला नाही. तो म्हणतो, काहीतरी बिघडलं असेल. दाखवून आणली पाहिजे.

गाडी घरी आली त्याच आठवड्यात आप्पांनी ती आशुतोषला न सांगता एकट्यानं शोरूमला नेली होती, आणि आपोआप बंद व्हायची ती सोय स्वरूपला कायमची काढून टाकायला लावली होती.