पडद्यामागचं स्टूल

स्टेजच्या पडद्यामागचा माईक बंद करायचा नाही आणि तिथं कोण बसतं ते विचारायचं नाही. भाग्यश्रीच्या घरात बाकी कशावरही भांडता यायचं, या नियमावर नाही.

माईक तिच्या आजोबांचा. सडक अर्जुनीच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांपुढं गिटार बडवणारा टेकचंद पुढं ‘रॉकी टेकचंद’ झाला. पांढरा सूट, कपाळावर केसांचा कोंबडा आणि कंबरेला असा झटका की मंडईच्या जत्रेत खुर्च्या मोडायच्या. आवाज तर काय! जाडा, खरखरीत, पोटातून आलेला. बालाघाटपर्यंत कॅसेटी वाजायच्या. गेल्या वर्षी तो वारला. यंदा दिवाळीनंतरच्या मंडईत त्याची गाणी नातू हिमांशू म्हणणार होता.

दुपार कलताना भाग्यश्री माईक तपासायला स्टेजवर चढली. हिमांशू आजोबांचा सूट चढवून नुसतेच ओठ हलवत होता.

“आवाज कुठाय तुझा?”

“मी कायले गाऊ, ताई? तू आहेस ना मागं!”

तिला कळेना. तेवढ्यात पडद्याआडून मनिरामआबांनी हाक मारली. टेकचंदचा हा धाकटा भाऊ जन्मभर त्याच्यामागं ड्रम वाजवत आलेला.

“ये बाई. बस इथं.”

आत एक स्टूल, एक माईक आणि अर्धवट अंधार. खोबरेलाचा वास, त्यात तापलेल्या माणसाच्या अंथरुणाचा वास मिसळलेला. तिनं माईकला हात लावला. जाळी ओली होती.

“आबा, मले गाणी पाठ नाहीत.”

“गावं नाही लागत. फक्त बस... तोंड उघडं ठेव.”

“इथं कोण बसायचं?”

मनिरामांची बोटं मांडीवर ठेका धरत राहिली.

“चमेली. आमची बहीण. पोरगी चारचौघांत गाईन तं लोक का म्हणतीन? म्हणून मागं बसवली. आवाज तिचा गड्यावाणी जाडा, टेकचंद नुसते ओठ हलवे. एका मंडईत तिले ताप होता... गाणं अर्ध्यावर होतं, तवाच गेली ते.”

“मग?”

“गाणं पुरं झालं, बाई.”

भाग्यश्रीनं मनात वर्षं मोजली. त्यानंतरही आजोबांचे कार्यक्रम वर्षानुवर्षं गाजले होते.

“त्यानंतर इथं कोण बसायचं?”

मनिरामांनी कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं तिची आजी कुंदाबाई बसली होती. मुकी. जन्माची मुकी नव्हती ती, एवढंच भाग्यश्रीला ठाऊक होतं. आजीनं नातीकडं बघत मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. नाही.

“एक मेली, एक मुकी झाली,” भाग्यश्री म्हणाली. “आता माझा गळा पाहिजे तुम्हाले? मी नाही बसणार. गाईन तर समोर उभी राहून, माझ्या नावानं. नाही तर होऊच नका देऊ कार्यक्रम!”

तिनं माईकची वायर उपटली. मनिराम आणि पडद्याशी बसलेले मंडईच्या कमिटीतले दोन म्हातारे तिच्या अंगावर ओरडत उठले.

तेवढ्यात साउंडबॉक्समधून श्वास ऐकू आला. लांब, सावकाश... गाण्याआधी घेतात तसा. वायरीचं टोक भाग्यश्रीच्या हातात लोंबत होतं.

आधी कुंदाबाईनं, मग एकेक करून सगळ्यांनी हात तोंडावर घट्ट दाबून धरले.

पडद्यापलीकडं पांढऱ्या सुटातला हिमांशू अजून सरावच करत होता. त्याचं तोंड उघडं होतं.