सावरलेली रेष

"ही चोच बघा, मॅडम," कांचन म्हणाली. "मी सरळ खाली ओढते आणि माउसचा बाण मध्येच अडतो. कोणी मनगट धरल्यासारखा."

येवल्यातल्या त्या पैठणीच्या कारखान्यात नक्षी आता कागदावर नव्हे, संगणकाच्या पडद्यावर काढली जाई. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे एक धागा. चौकोन चुकला की मागावर मोराची चोच वाकडी उतरे. सकाळी थोरली जाऊ जयमाला नक्षी काढायची, दुपारी धाकटी कांचन. तीन माउस बदलून झाले, तरी तक्रार जाईना, म्हणून ऋजुता निकुंभला दुरुस्तीसाठी बोलावलं होतं.

"माझ्या वेळेला काही होत नाही," जयमाला मागून म्हणाली. "हिला घाईच फार. मशीन बिचारं काय करणार?"

"घ्या, मशीनचीच बाजू घ्या, ताई!"

ऋजुताने विचारलं, "संगणक उघडता कोणाच्या नावाने?"

"दोघीही ताईंच्याच नावाने," कांचन म्हणाली. "एकच पासवर्ड, लक्षात राहतो."

ऋजुताचा हात थांबला. नव्या कार्यप्रणालीत एक 'सवयथर' असे. माणूस किती बारीक अक्षर वाचतो, कळा कशा दाबतो, हात कसा हलवतो हे शिकून तो सगळं त्याच्या सोयीचं करून देई, तेही न विचारता. पण एका नावामागे एकच माणूस असतो, असं तो धरून चाले.

तिने थराच्या नोंदी उघडल्या. 'थरथर सावरणे' या ओळीत तीन वर्षांपूर्वी दोन टक्के होते, आता एक्केचाळीस. मध्ये एकदाही आकडा खाली आला नव्हता. दुपारी स्थिर हात मिळाला की थर ते आपलंच यश समजे आणि पकड तशीच ठेवी. खाली अकरा सूचना पडून होत्या: 'हाताच्या हालचालीत बदल आढळत आहे.' एकही कोणी उघडली नव्हती.

तिला बोलावलं होतं ते बाणासाठी. थर पुसून टाकला असता तर काम दहा मिनिटांत संपलं असतं. तिने एक कोरं खातं तयार केलं, त्यात थर बंद ठेवला आणि म्हणाली, "दोघी एकेक आडवी रेष काढा."

कांचनची रेष सरळ गेली. "सुटला की बाण!"

मग जयमाला बसली. तिची रेष वर चढली, खाली आली आणि करवतीच्या दातांसारखी पुढे सरकत राहिली.

"हा माउस खराब आहे."

ऋजुताने आपल्या पिशवीतला माउस लावून दिला. रेष तशीच आली.

जयमालाने हात उचलून मांडीवर ठेवला. तो तिथेही शांत नव्हता. कांचन त्या हाताकडे बघत राहिली. थर इतके दिवस काय करत होता ते सांगून ऋजुताने दोघींना त्या नोंदी आणि न उघडलेल्या सूचना दाखवल्या.

"सूचनांची चौकट मी बंद केली होती," कांचन हळू आवाजात म्हणाली. "मोर झाकला जायचा तिच्याखाली."

"हे काय आहे, ते मी सांगू शकत नाही," ऋजुता म्हणाली. "मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. या नोंदी सोबत न्या. थरथर कधी सुरू झाली, कशी वाढली, सगळं त्यांना दिसेल."

"आणि हा थर काढून टाकणार तुम्ही?" जयमालाने विचारलं. "मग उद्या सकाळी मी इथे बसून करू काय? पंचवीस वर्षं दुसरं काही केलं नाही मी."

ऋजुताने दोघींची वेगळी खाती केली. जयमालाच्या खात्यात थर राहू दिला, सूचना पुन्हा चालू केल्या आणि एक नवी सोय जोडली. दर सोमवारी थर मिनिटभर बाजूला होईल. तेवढ्या वेळात जयमालाने एक रेष काढायची. ती तारखेसह साठेल. औषध लागू पडलं, तर रेषेत कळेल.

जयमालाने हे नीट ऐकून घेतलं.

"थर खरंच बाजूला झाला, हे कोण बघणार?"

"तशी नोंद होते."

"नोंद कोण करतं?"

"तोच," ऋजुता म्हणाली.

जयमाला पडद्यावरच्या तिन्ही रेषांकडे बघत होती.

"मग मॅडम, एखाद्या सोमवारी रेष सरळ आली, तर ती माझीच असेल ना?"