तंबाखू सोडा, कारण…

राजरत्न माझ्या आयुष्यात आला तो शिडीवरून, आणि आल्या आल्या त्यानं माझ्या नव्या साडीवर गेरू सांडला.

"अहो! डोळे आहेत का कपाळाला?" मी वर बघून ओरडले.

तो शाळेच्या भिंतीवर 'तंबाखू सोडा' असं ठळक लिहीत होता. त्यानं खाली बघितलं, काहीतरी बोलायला गेला… आणि बोलता येईना. गालात तंबाखूची गोळी होती. माझ्यामागं चौथीचा वर्ग उभा होता, तो फिदीफिदी हसत सुटला.

शहाण्णव सालची गोष्ट. माधवनगरच्या पुढं आमची जिल्हा परिषदेची शाळा. हा हिवतापाचा आरोग्य सेवक, पाटणकडचा, नुकताच बदलून आलेला. दर पंधरवड्याला घरोघरी जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि दाराशेजारी गेरूनं तारीख टाकायची, हे त्याचं काम. मोकळी भिंत दिसली की एखादं घोषवाक्य.

तो उतरला, कडेला जाऊन तोंड धुऊन आला. "माफ करा बाई. धुवून जाईल."

"साडीचं मी बघते. हे काय लिहिलंय? तंबाखू सोडा… का सोडा?"

"घोषवाक्याला का नसतं, बाई. वरनं असंच येतं."

"माझ्या वर्गात कारणाशिवाय लिहिलेलं चालत नाही."

त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग मुकाट्यानं शिडी चढला, खाली 'कारण' एवढाच शब्द लिहिला आणि उतरला.

"पुढं?"

"पुढचं सापडलं की लिहितो," म्हणाला आणि हसला. हसणं बरं होतं. दात काळे पडायला अजून वेळ होता.

मला तेव्हा असल्या हसण्याकडं बघायची सोय नव्हती. सांगलीत आमच्या घरी आई साताऱ्याचं एक स्थळ धरून बसली होती. मुलगा बँकेत, दोन खोल्या स्वतःच्या. दिवाळी झाली की मंडळी बघायला येणार होती. मी हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायलाही तोंड उघडलं नव्हतं.

शाळेत मात्र माझं तोंड भरपूर चालायचं. आरोग्यावर निबंध लिहा म्हटलं तर सगळी पोरं गाईडमधून 'मी रोज फळे व दूध घेतो' असं उतरवून आणायची. सोपानच्या घरी म्हैस नाही की फळ नाही, त्याचाही निबंध दुधानं भरलेला! मी गाईडं गोळा करून कपाटात टाकली. म्हटलं, घरातली एक सवय निवडा. आपलं मत लिहा, कारण लिहा. पण त्याआधी ती सवय असलेल्या माणसाला जाऊन विचारा, तो का करतो. त्याचं म्हणणं मोडतोड न करता लिहायचं, मगच आपलं.

"परीक्षेत असलं येत नाही हो," हेडगुरुजी म्हणाले.

"घरात येतं ना," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग मार खाऊन आला. पिंकीच्या आजीनं, धोंडुबाईनं, मिसरीचा डबाच फेकून मारला होता. "आजी म्हणली, तुज्या बाईला हिकडं लावून दे, तिला सांगते." कुणाचाच मोठा माणूस सरळ उत्तर देईना. आता आली का पंचाईत!

पंधरवडा भरला आणि हिवतापवाला दारात आला. मी त्याला वर्गात आणून माझ्याच खुर्चीत बसवलं.

पिंकी उभी राहिली. "लोकास्नी सोडा म्हणताय, आन् तुमी सोता का खाताय?"

मला वाटलं, आता हा काहीतरी थाप मारणार. त्यानं कपाळ खाजवलं. "सकाळी लवकर भाईर पडतो. दुपारी पोटात कावळे वरडत्यात, फिरतीवर जेवाण न्हाई. तंबाखू टाकली की भूक मरती. तिथनं सवय लागली बघा. वाईट हाय, ठावं हाय. भिंतीवर लिव्हताना लाज बी वाटती."

पिंकी मान खाली घालून भराभर लिहायला लागली. मी उगाच फळा पुसून घेतला.

पुढच्या फेरीला मी जादा भाकरी नेली. शेंगदाण्याची चटणी, मेथीची भाजी.

"हे काय, बाई?"

"तुमच्या कारणाला उत्तर."

"पंधरा दिवसांतनं एकदाच?"

"मग काय रोज थापू?"

"न्हाई… पण मधल्या दिवशी कारण तसंच राहतंय की. वाट वाकडी करून यायला लागंल मला."

"भाकरीसाठी?"

"सध्या तरी… भाकरीसाठीच."

अगं बाई! मी खडू शोधायला लागले. खडू हातातच होता.

मग तो येतच राहिला. मधल्या सुट्टीत सायकल लिंबाला टेकवायची, पायरीवर बसायचं, मी दुसऱ्या टोकाला. कधी म्हणायचा, "काल खाल्ली एक चिमूट." मी डबा बंद करायची. तो हसायचा, "थाप मारली असती तर चटणी मिळाली असती, न्हवं?" मला राग यायचा आणि त्या रागातच मी चटणी वाढायची. खोटं कशाला सांगू, मी त्याच्या प्रेमात पडले होते. तो चार दिवस आला नाही तर शाळेची घंटासुद्धा मला बेसूर वाटायची.

दिवाळीची सुट्टी संपली. साताऱ्याची मंडळी पुढच्या रविवारी येतो म्हणाली.

त्याच्या आठवडाभर आधी, शनिवारी, पिंकीनं निबंध वाचला. "माझे मत, आजीने मिसरी सोडावी. आजीचे म्हणणे, तिची दाढ दुखते, मिसरी लावली की बरे वाटते आणि दवाखान्यात न्यायला कुणाला सवड नाही. म्हणून माझे दुसरे मत, बाबांनी आजीला दवाखान्यात न्यावे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र घरी जाताना बसमध्ये माझाच संताप आला. नऊ वर्षांची पोर डब्याचा मार खाऊनही पुन्हा विचारते, आणि मी?

आई मेथी निवडत होती. मी समोर बसले. "आई, तुला ते साताऱ्याचं स्थळ का पाहिजे?"

तिनं चमकून बघितलं. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"तुझे वडील कामाला होते ती गिरणी बंद पडली, तरी माणूस रोज डबा घेऊन घरातनं जायचा," ती सावकाश म्हणाली. "समदं ठीक हाय म्हणायचा. मला शेजारणीकडनं कळलं. बँकेतला माणूस कुठं हाय ते तरी ठाऊक असतंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, आणि मला हे माहीत नव्हतं.

"माझं मत वेगळं आहे, आई. एक जण आहे. हिवतापाचा… फिरतीवर असतो."

"फिरतीवरचा! आन् कारण काय गं?"

"पोरांनी विचारलं तंबाखू का खाता, तर त्यानं चौथीच्या पोरांसमोर खरं सांगितलं. चुकला तरी येऊन सांगतो. त्यानं ठीक आहे म्हटलं तर ते ठीकच असेल."

आईचा हात मेथीवर थांबला. मग तिनं जुडी बाजूला सारली.

"साताऱ्याच्या मंडळीस्नी मी कळवते, येऊ नका म्हणून," शेवटी म्हणाली. "पुढच्या रविवारी त्याला आण. बघू दे मला. त्याच्या घरचं काय म्हणणं हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याच्या घरचं सोडाच, खुद्द त्यालाच मी विचारलं नव्हतं! सगळ्यांचं म्हणणं घेऊन झालं, आणि ज्याचं घ्यायचं तोच राहिला.

सोमवारी तो भिंतीपाशी भेटला. शिडी, गेरूचा डबा, सगळं होतं.

"तुमचं म्हणणं पाहिजे होतं," मी म्हटलं. "रविवारी आमच्या घरी याल? आई बघायला… म्हणजे बोलायला बोलावतेय."

त्यानं कुंचला डब्यात ठेवला. "बाई, बदली पाटणच्याही पुढं होईल कधी. फिरती तर सुटायची न्हाई. आधीच सांगतो."

"ते मी विचारलं का?"

"न्हाई." मग हळूच, "पयल्या दिवसापास्नं मत एकच हाय माझं. बोलायची छाती होईना."

"आणि कारण?"

तो शिडी चढला. मी शिडी धरली. 'कारण'च्या पुढं, शाळेच्या भर भिंतीवर, त्यानं लिहायला घेतलं, 'दुपारी कुणीतरी जेवायला…' तेवढ्यात कुंचल्यातून गेरू गळला, थेट माझ्या पदरावर.

"बाई, साडी!"

"धुवून जाईल," मी म्हटलं. "तुम्ही पुढचं लिहा."