ज्योतीवरून ज्योत

गोठणगावच्या तिबेटी कॅम्पात मेणबत्त्यांचा पुडा पोचवायला सत्यवती निघाली, तेव्हा वैशाखाच्या उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरच्या किराणा दुकानात मेणबत्ती म्हणजे लाइट गेल्यावरची सोय. कॅम्पातली म्हातारी अमा मात्र तीच मेणबत्ती दोन्ही हातांनी, प्रसादासारखी घेई.

“आमच्या मुलखात लोण्याचे दिवे,” अमा आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत सांगे. “इथं लोणी वास मारते. मग डालडा. आता तुमची मेणबत्ती. देवानं तक्रार नाही केली. कशात जळते ते नाही बघायचं, बेटी. कुठून आली ते बघायचं.”

त्या दिवशी अमाला डोळे दाखवायला अर्जुनीला जायचं होतं. आजूबाजूच्या घरांना कुलपं होती. घरात फळीवर पितळी वाटीत एक मेणबत्ती तेवत होती; तिची ज्योत अमानं पहाटे गोंपातल्या, त्यांच्या देवळातल्या, मोठ्या दिव्यावरून आणली होती.

“आज माझ्या पोराचा दिवस. पळून येताना डोंगरावर, बर्फात राहिला. आजच्या दिवशी ज्योत बघून येतो, शेकतो, जातो. ही संपत आली की हिच्यावरूनच दुसरी लाव. ज्योत तुटली तर त्याला घर दिसणार नाही.”

“जा तुमी, अमा. मी हावो नं इथं.”

अमा गेली. सत्यवती भिंतीपासून थोडी दूर, फळीकडे तोंड करून बसली. ज्योत तळाशी आली तशी तिनं दुसरी मेणबत्ती उचलली आणि हात थबकला. “दिव्यावरून दिवा लावाचा नाही, सूनबाई. मायनं शिकवलं नाही काय तुले?” हे सासूबाईंचं रोजचं. खरं तर मायनंही तेच शिकवलं होतं.

“एवढ्यानं काय होते,” असं पुटपुटत तिनं काडी ओढली. ती मोडली. दुसरी भुरकन विझली. तिसरी पेटली तोवर वाटीतली ज्योत धुराची बारीक दोरी सोडून गेली होती.

नवी मेणबत्ती छान लागली. सत्यवतीनं सुटकेचा श्वास टाकला, आणि तो तिला दिसला. वैशाखात, तोंडातून पांढरी वाफ.

ओल्या लोकरीचा वास आला. दाराशी काहीतरी घासलं, जड, थकलेलं. मग एक पाऊल. थांबून दुसरं.

“कोन हाये?...”

पावलं तिच्या पाठीशी येऊन थांबली. मानेवर गार श्वास लागला. मागं बघायची तिची छाती झाली नाही. पण मनात आलं, पोरगा आला. म्हणजे काही बिघडलं नाही. शेकू दे बिचाऱ्याला. तिनं थोडं सरकून जागाही करून दिली.

उन्हं कलताना अमा परतली, एका डोळ्यावर पट्टी. उंबऱ्यातच थबकली. फरशीवर ओली पावलं होती, दारापासून सत्यवतीच्या पाठीपर्यंत.

“आला होता, अमा... तुमचा पोरगा.”

अमा वाकली. एका पावलाशेजारी तिनं आपला पंजा ठेवला. पाऊल पंजाच्या दीडपट होतं.

“काडी लावली?”

सत्यवतीनं मान खाली घातली.

“माझा पोरगा चालत नव्हता, बेटी,” अमा हळू म्हणाली. “पाठीवर बांधला होता मी त्याला. दूधपिता होता...”

तेवढ्यात बाहेर, उन्हात, तान्हं मूल रडलं. आवाज कॅम्पाच्या रस्त्यानं येत होता. दारासमोर आला, क्षणभर घुटमळला आणि पुढं सरकला. अमानं फळीवरची मेणबत्ती उचलली आणि आपल्या भाषेत हाका मारत ती धावत सुटली. रडणं वळलं नाही. जंगलाच्या बाजूला बारीक, आणखी बारीक होत गेलं.

सत्यवती तिच्यामागं जायला उठू लागली. उठता येईना.

पदराच्या टोकावर कुणीतरी बसलं होतं.