वाक्यात उपयोग

चंद्राच्या पोटात खणलेल्या त्या वसाहतीचं नाव कोंदण. नाव ठेवणाऱ्याच्या मनात हिऱ्याचं कोंदण असणार. आत राहणाऱ्यांना मात्र ते ऐकून कोंदट एवढंच आठवे. तिथे आकाश नव्हतं, ऋतू नव्हते, आणि कुणी आणून सोडल्याशिवाय हवाही येत नव्हती. त्यामुळे पृथ्वीवर जे क्रियापद शास्त्रज्ञांच्या निबंधांबाहेर पडलं नाही, ते इथे पोरासोरांच्या तोंडी होतं. प्राणवणे, म्हणजे प्राणवायू पुरवणे. ‘पानं घ्यायच्या आधी खोली प्राणव गं.’ ‘मेथीचे वाफे प्राणवलेस का?’ ‘सासूबाईंनी मला कधी मनापासून प्राणवलं नाही हो.’

डॉ. वासुदेव नेरूरकर हे कोंदणचे पहिले वैद्य. आता निवृत्त. चंद्राच्या धुळीने फुप्फुसं खाल्ली होती, म्हणून नाकाला नळी आणि मागे चाकांवरचा प्राणवायूचा सिलिंडर, असा त्यांचा संसार. त्या सकाळी ते हवाघरात बसले होते. हवाघर म्हणजे साऱ्या वसाहतीच्या हवेची किल्ली, आणि ती किल्ली त्यांच्या लेकीच्या, शर्वाणीच्या हातात होती. ती वायुप्रमुख होती. तिनेच त्यांना बोलावलं होतं, कारण पृथ्वीहून आलेल्या मापनशास्त्रज्ञ हेमांगी दिवेकर त्यांना भेटायचं म्हणत होत्या. खरं तर भेटायला नव्हे, त्यांनी घालून दिलेली एक रीत मोडीत काढायला त्या आल्या होत्या.

रीत अशी, की दोन माणसं भेटली की एकाने “वाक्य?” म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘प्राणवणे’ घालून तिथल्या तिथे एक नवं कोरं वाक्य करायचं. पृथ्वीवर नमस्कार करतात, इथे वाक्य करत.

“सर, राग मानू नका,” दिवेकर म्हणाल्या. “पण मोठ्या माणसांनी दिवसभर चौथीच्या मुलांसारखं वाक्यात उपयोग करत बसायचं? मी येताना प्रमाणवायूची नवी बाटली आणली, आत प्राणवायू नेमका किती ते लेबलावर लिहिलेली. काल वसाहतीतला एकूणएक प्राणमापक तिच्याशी जुळवला. आता सगळे एकच आकडा दाखवतात. मग हे कशाला?”

“बाई, प्राणवायू कमी पडला तर माणसाला काय होतं?”

“जीव घुसमटतो.”

“तीच तर गोम आहे. घुसमट होते ती उच्छ्वासातला वायू साचल्यामुळे. तो आमची यंत्रं शोषून घेतात. नुसता प्राणवायू घटला तर माणसाला काही कळत नाही. उलट बरं वाटतं, हसू येतं. आधी जाते ती समज, आणि समज गेलीय हे कळायला पुन्हा समजच लागते.” नेरूरकर दम घ्यायला थांबले. “पहिल्याच वर्षी उत्तरेच्या बोगद्यात कामगारांची एक अख्खी पाळी गाणी म्हणत मेली. आम्ही इथे बसून रेडिओवर ऐकत होतो. एक शब्द चुकला नाही त्यांचा. पाठ केलेलं मेंदू शेवटपर्यंत म्हणतो. नवं वाक्य मात्र पहिल्यांदा भरकटतं. बोलणाऱ्याला ते कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं.”

“आणि हेच क्रियापद का?”

“त्या निमित्ताने हवेची आठवण राहते.”

“वाक्य भरकटलं तर?”

“दोन ऐकणाऱ्यांचं एकमत झालं की त्या माणसाच्या हातातलं काम काढून घेतात. मग तो कुणी का असेना.”

“आणि हा नियम बाबांनीच केलाय,” शर्वाणी हसत म्हणाली.

“मग बघूच आत्ता,” दिवेकर तिच्याकडे वळल्या. “वाक्य?”

“मी सकाळी जिना प्राणवला,” शर्वाणी म्हणाली, “तेव्हा त्याने माझी वेणी घालून दिली.”

दिवेकरांनी टाळ्या वाजवल्या. “किती छान.”

नेरूरकरांनी लेकीकडे निरखून पाहिलं. ही मुलगी वाक्यं करायची ती कोरडी ठणठणीत, यंत्राच्या माहितीपत्रकासारखी. त्यांनी सावकाश विचारलं, “बाई, तुमचं वाक्य?”

“पिशवीने पाण्याला प्राणवून रविवार वाळत घातला.” दिवेकर स्वतःवरच खूश झाल्या.

भिंतीपलीकडे शाळा होती. सकाळपासून तिथली मुलं खिदळत होती. आतापर्यंत नेरूरकरांना ते ऐकून बरं वाटत होतं; आता त्यांचे हात गार पडले. हे सगळे वसाहतीच्या यंत्रणेतून येणारी हवा घेत होते. वेगळी हवा येत होती ती फक्त त्यांच्या एकट्याच्या नाकात.

“शर्वाणी, ऊठ. राखीव टाकीचं चाक उघड. बाईंच्या बाटलीतच लेबलावर लिहिलाय त्यापेक्षा प्राणवायू कमी आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या बाटलीला खरं मानून सगळे मापक खोटा आकडा सांगताहेत, आणि यंत्रणा त्यांच्यावर विसंबून प्राणवायू कमी करत सुटलीय.”

शर्वाणीने मान कलती करून त्यांच्याकडे पाहिलं. “बाबा, वाक्य?”

“ही वसाहत आत्ता प्राणवली नाही, तर संध्याकाळी इथे कुणी जिवंत नसेल.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. “किती अभद्र बोलतात,” दिवेकर म्हणाल्या. “भरकटलंय.”

“मलाही तसंच वाटतं. दमलेत बिचारे.” शर्वाणीने मायेने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. “बाबा, पडा जरा.”

दोन मतं झाली. नियमाप्रमाणे आता त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. रीत घालताना त्यांनी सगळा विचार केला होता, फक्त ऐकणाराही त्याच हवेत असेल हा सोडून. आजवर अपघात व्हायचा तो एखाद्या बोगद्यात, आणि ऐकणारा बाहेरून आलेला असायचा.

टाकी लांबच्या लांब गल्लीच्या टोकाला होती. तिचं चाक फिरवायला धडधाकट माणूस लागे, आणि वायुप्रमुखाचा पंजा टेकवल्याशिवाय ते सुटतही नसे. समजावण्यात अर्थ नव्हता. शर्वाणी त्यांच्या खुर्चीतली उशी सारखी करायला वाकली, तेव्हा नेरूरकरांनी नाकातली नळी काढली आणि तिच्या नाकाला लावली. तिला खेळ वाटला. ती हसत राहिली, श्वास घेत राहिली. मग हसू हळूहळू विरलं.

“बाबा, मी मघाशी काय म्हणाले? जिन्याने वेणी…” तिने दिवेकरांकडे पाहिलं. त्या भिंतीला काहीतरी समजावून सांगत होत्या. शर्वाणीचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तिचा हात नळी काढायला गेला.

नेरूरकरांनी तिचं मनगट धरलं. “काढू नकोस. काढलीस तर गल्लीच्या वळणावर विसरशील कुठे निघालीस ते. सिलिंडर घेऊन जा.”

“आणि तुम्ही?”

“मी बसलोय की इथे.”

“तुमच्या फुप्फुसांना ही हवा… मी परत येईपर्यंत…”

“पलीकडे शाळा आहे, शर्वाणी.”

तिला रडू फुटलं. त्यांनाही भीती वाटली, साधी मरणाची भीती, आणि ही पोर आता पुन्हा दिसायची नाही याचं फार वाईट वाटलं. सिलिंडरचं एक चाक कुठेतरी अडकलं होतं. ते सोडवताना ती धडपडत होती. तेवढ्यात त्यांची भीती जरा ओसरली. मग पार गेली. हातांना ऊब आली. भिंतीपलीकडची मुलं किती गोड हसत होती.

दारात शर्वाणी थबकली. जन्मभराची सवय म्हणा, की आशा म्हणा, तिने विचारलं, “बाबा, वाक्य?”

नेरूरकर प्रसन्न हसले. “शर्वाणीने चंद्राला प्राणवलं, आणि तो दप्तर घेऊन तिला शाळेत सोडायला आला.”

तिने तोंडावर हात दाबला. मग सिलिंडरच्या चाकांचा खडखडाट गल्लीतून दूर दूर गेला.

नेरूरकरांना नवल वाटलं. इतकं सरळ, इतकं स्वच्छ वाक्य त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं, आणि पोरगी रडत गेली. परत आली की विचारू, असं ठरवून त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःला पैकीच्या पैकी गुण दिले.