दोब्रिलाच्या शेजारचा अर्धा दगड

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि त्या खोलीत होती ती सगळी माणसं आजही हयात आहेत.

असलं काही रात्रीच घडतं असं लोकांना वाटतं. हे भर दुपारी घडलं.

नोव्हेंबरातला पितरांचा शनिवार. सर्बियाच्या पूर्व टोकाला, तिमोक नदीकाठचं आमचं गाव. गावातलं छोटं हॉस्पिटल.

माझी बहीण वेरित्सा तिथे इमर्जन्सीची डॉक्टर. सोनोग्राफीच्या मशीनवर तिचा हात बसलेला. हृदय बंद पडलेला पेशंट आला, की छाती दाबणं क्षणभर थांबवून ती बरगडीखाली मशीनचा प्रोब टेकवायची आणि सांगायची, आत काही हलतंय की सगळं संपलंय. दहा सेकंदांत. त्याहून जास्त थांबायचं नाही, थांबलं तर माणूस हातचा जातो.

"बोटांना लागणारी नाडी फसवते," ती म्हणायची. "डोळे फसवत नाहीत."

अशी ही खमकी बाई एका मेलेल्या बाईवर जळायची.

दोब्रिलावर. तिच्या नवऱ्याच्या, मोम्चिलोच्या, पहिल्या बायकोवर.

दोब्रिला गेली तेव्हा मोम्चिलोने आमच्या रीतीप्रमाणे तिच्या कबरीवर जोडीचा दगड बसवला होता. काळ्या ग्रॅनाइटवर दोघांची चित्रं, खांद्याला खांदा लावून. तिच्या नावाखाली दोन्ही सालं. त्याच्या नावाखाली फक्त जन्माचं साल आणि एक आडवी रेघ...

पुढची जागा मोकळी.

पुढे त्याने वेरित्साशी लग्न केलं. दगड तसाच राहिला.

दर पितरांच्या शनिवारी घरचे सगळे उकडलेले गहू, वाइन आणि मेणबत्त्या घेऊन कबरीवर जायचे. वेरित्सा आपल्याच नवऱ्याला परक्या बाईशेजारी कोरलेला बघत उभी राहायची. वर सासू, स्तानियाबाई, टोमणा मारायची, "सूनबाई, तुझं काय ते वेगळं बघून ठेव हो. इथे तिसरीला जागा नाही."

घरीही तेच. वेरित्साने गिबानित्सा, म्हणजे आमची चीज घातलेली पापुद्र्यांची पाय, भाजली की सासू म्हणणार, "बरी झालीय. दोब्रिलाची मात्र फुगायची."

मेलेल्या म्हशीला मणभर दूध. वेरित्सा मला म्हणायची, "अगं, जिवंत सवत असती तर झिंज्या उपटल्या असत्या. हिचं काय उपटू?"

त्या वर्षी मात्र तिने उपटलं. ती दगडवाल्या झिवोराडकडे गेली आणि म्हणाली, मोम्चिलोचं चित्र घासून टाका.

"डॉक्टरीणबाई, जिवंत माणसाला दगडावरून पुसत नाहीत," तो म्हणाला.

"जिवंत माणसाला कोरतात तेवढं चालतं का?"

झिवोराडने शुक्रवारी काम उरकलं.

शनिवारी वेरित्साने मुद्दाम ड्यूटी घेतली. मोम्चिलो आईला घेऊन कबरीवर गेला. मेणबत्ती लावायला वाकला. दोब्रिलाशेजारी गुळगुळीत, काळी, रिकामी जागा दिसली...

आणि तो तिथेच कोसळला.

त्याला स्ट्रेचरवरून आत आणलं तेव्हा हृदय बंद होतं.

धाकटा डॉक्टर नेमान्या छाती दाबायला लागला. नर्स ल्युबिंका म्हणाली, "वेरित्साताई, तुम्ही बाहेर थांबा. आपल्या माणसाचं आपण बघू नये."

"प्रोब इथे दुसऱ्या कुणाला येतो? तू मोज."

नेमान्या थांबला. ल्युबिंका मोजू लागली. "एक... दोन..."

पडद्यावर हृदय निपचित पडलं होतं.

"तीन... चार..."

आणि वेरित्साला ऐकू आलं. ल्युबिंकाच्या मागोमाग आणखी कुणीतरी मोजत होतं. बाईचा आवाज. एक आकडा मागे.

"पाच."

"...चार."

बाहेरच्या व्हरांड्यातला प्रतिध्वनी असेल, तिने मनाला बजावलं. ल्युबिंका "दहा" म्हणाली. नेमान्या पुन्हा दाबू लागला. खोली शांत झाली आणि मग, अगदी तिच्या कानाजवळ...

"दहा."

खोलीत मेणबत्ती विझल्याचा वास आला. तिथे मेणबत्ती नव्हती.

इंजेक्शन दिलं. दाबणं चालूच. पुन्हा थांबायची वेळ आली. वेरित्साने प्रोब टेकवला. तिच्या हातावर काहीतरी थंडगार टेकलं, आणि प्रोब जरासा वळला.

तिने वळवला नव्हता.

पडद्यावर हृदय दिसलं. आणि हृदयाभोवती...

पाणी साचलं की पडद्यावर ते काळं दिसतं. हे काळं नव्हतं. करड्या रंगाचे चार पट्टे, शेजारी शेजारी. मधोमध वाकलेले.

"ताई, हे काय आहे?" नेमान्या पडद्याकडे वाकला. "ही... ही बोटं आहेत का?"

ल्युबिंकाचं मोजणं बंद पडलं. पण मोजणं थांबलं नव्हतं.

"...पाच. ...सहा."

"सोड त्याला," वेरित्सा पडद्याकडे बघत म्हणाली. "माझा नवरा आहे तो."

बोटं आवळली.

"...सात."

तिला रडू कोसळलं. इतकी वर्षं जी बाई नुसतं चित्र म्हणून डोळ्यांत सलत होती, तिच्यासमोर आता पदर पसरायची वेळ आली होती. मनातून ती तेव्हाही जळतच होती. हे तिनेच मला सांगितलं.

"...आठ."

"दगड तुझा," ती म्हणाली. "पुन्हा कोरून देते. तिथे तुझा. पण इथे मला राहू दे गं."

"...नऊ."

दहा कुणी म्हटलंच नाही.

एकेक बोट उलगडलं. हृदय थरथरलं. एकदा. पुन्हा एकदा. मग धडधडू लागलं.

मोम्चिलो वाचला. मशीन तपासून घेतलं, त्यात काही बिघाड नव्हता. नेमान्याने महिन्याभरात बदली मागून घेतली. ल्युबिंका त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

झिवोराडने मोम्चिलोला पुन्हा कोरलं, खांद्याला खांदा लावून. पैसे घेतले नाहीत. नुसतं म्हणाला, "बोललो होतो."

परवा वेरित्सा माझ्याकडे कॉफीला आली होती. खंगलीय. मी म्हटलं, "अगं, नवरा ठणठणीत आहे, तू का झिजतेस?"

तिने हातातला कप फिरवला. मग म्हणाली, तिने फोनला जोडायचं छोटं सोनोग्राफीचं मशीन विकत घेतलंय. तो झोपला की बघते.

"काय बघतेस?"

"हृदय छान चाललंय. ठोका चुकत नाही."

"मग?"

"तिचा हात अजून तिथेच आहे. आवळत नाही आता. नुसता ठेवलाय." तिने कप खाली ठेवला. "मी त्याच्या छातीवर हात ठेवून झोपते ना गं... माझा वरून असतो. तिचा आतून."