दुपारची रात्रखोली

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी फक्त एवढंच सांगते की जिच्या तोंडून हे ऐकलं, तिला उभ्या आयुष्यात एक साधी थाप मारता आलेली नाही. ती माझी सख्खी मावशी. हिसाए तिचं नाव.

आणि आधीच सांगून ठेवते, ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची, सव्वा वाजताची आहे. बाहेर लख्ख ऊन होतं. बर्फावर पडून डोळे दिपवणारं.

गाव तोयामा, जपानातलं. चार वर्षांपूर्वीचा जानेवारी.

शहराबाहेर भातखाचरांच्या मधोमध एक दोन मजली संस्था होती. नवीन औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी ते उंदरांना द्यायचं आणि त्यांचं काय काय बिघडतं ते लिहून काढायचं, हे तिथलं काम. मावशी तिथे एकोणीस वर्षं होती. स्वभावाने शांत, हात हलका. सुई टोचली तरी उंदराला कळायचं नाही, असं तिच्याबद्दल म्हणायचे.

तळमजल्यावर चार नंबरची खोली होती. सगळे तिला रात्रखोली म्हणत.

उंदीर जागतो रात्री आणि माणसं कामाला येतात दिवसा. म्हणून त्या खोलीतलं घड्याळच फिरवलेलं. रात्रभर झगझगीत दिवे आणि दिवसभर मिट्ट काळोख. कामापुरता एक लाल दिवा, तोही इतका मंद की स्वतःची बोटं अंदाजाने ओळखायची.

या खोलीतल्या उंदरांचं दाणापाणी सव्वीस वर्षं त्सुबोनोसान बघत. पाठीत वाकलेले, कमी बोलणारे. माणसांशी कमी, म्हणजे. उंदीर हातात घेतला की मात्र त्यांची एक पुटपुट सुरू व्हायची.

"झालं हं... झालं... आता सोडतो."

नोव्हेंबरात ते गेले. काम संपवून घरी जाताना बसमध्येच. झोपलेत असं वाटून कुणी उठवलं नाही. ड्रायव्हरला शेवटच्या थांब्यावर कळलं.

जानेवारीत रात्रखोलीत नवा प्रयोग लागला.

औषध होतं छातीतल्या धडधडीवरचं, घबराटीवरचं. कामही छान करत होतं. पण एक शंका होती. औषध चालू असताना माणसावर अचानक मोठा ताण आला तर? तेव्हा हे औषध हृदयाला दगा तर देणार नाही?

म्हणून चोवीस उंदीर. बाराजणांना औषध आणि बाराजणांना नुसतं मिठाचं पाणी. मग रोज दुपारी प्रत्येकाला एका अरुंद नळीत अर्धा तास कोंडायचं. नळीला श्वासापुरती भोकं. पुढे जाता येत नाही, वळता येत नाही. उंदराला याहून मोठी भीती नाही. नंतर शेपटीतून थेंबभर रक्त घ्यायचं. भीतीने अंगात जे रसायन उसळतं, ते किती चढलं हे त्यात मोजता येतं.

एरवी नळीत घातलेला उंदीर धडपडतो, ओरडतो, जागच्या जागी घाण करतो.

पहिल्या दिवशी मावशीने चोवीस नळ्या ओळीने लावल्या.

आणि...

काहीच झालं नाही.

एकही उंदीर हलला नाही. तिला वाटलं, मेले की काय. वाकून बघितलं. पोटं संथपणे वरखाली होत होती.

ते झोपले होते.

रक्तातही तेच. भीतीचं रसायन जेमतेम. तिने मोजणीचं सगळं सामान बदललं. दुसऱ्या दिवशी परत मोजलं. तिसऱ्या दिवशी परत.

तेच.

"अगं, मग बरंच आहे की!" पिंजरे धुणाऱ्या नोजिरीसान म्हणाल्या. साठीला आलेल्या, तोंडाने फटकळ. दोघी जेवणाच्या खोलीत कोम्बूचे, म्हणजे समुद्री शेवाळ घातलेले भातगोळे खात होत्या. "औषध चांगलंय म्हणायचं. दोन गोळ्या मलाही दे. रविवारी नणंद येतेय."

"औषधवाले शांत आहेत, ते समजलं हो," मावशी म्हणाली. "पण मिठाच्या पाण्यावाले का शांत आहेत?"

नोजिरीसाननी हातातला घास डब्यात ठेवला.

चौथ्या दिवशी मावशीने कपाटातून एक जुनं यंत्र काढलं.

उंदराचं बरंचसं बोलणं आपल्या कानांना ऐकूच येत नाही. फार वरच्या पट्टीत असतं ते. हे यंत्र तेवढाच वरचा आवाज पकडतं आणि खाली उतरवून आपल्याला ऐकवतं. घाबरलेला उंदीर लांबलचक, एकसुरी रडतो. खुशीतला उंदीर बारीक चिवचिवतो. पोटाला गुदगुल्या केल्या की करतो ना, तसं.

तिने नळ्या लावल्या. कानांवर हेडफोन चढवले.

रडणं नव्हतं.

चिवचिव होती. चोवीसच्या चोवीस नळ्यांतून. कुणीतरी एकेकाला कुरवाळत चाललंय तशी... या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत या टोकापासून.

आणि त्या चिवचिवीच्या खाली आणखी एक आवाज होता.

पुटपुट.

पुरुषाची.

मावशीने हेडफोन काढले. खोलीत शुकशुकाट. फक्त हवेच्या पंख्याची घरघर. परत चढवले.

पुटपुट चालूच होती. शब्द लागत नव्हते. पण ती लय... एकोणीस वर्षं ऐकलेली लय कुणी विसरतं का?

ती यंत्रासमोर तोंड नेऊन मुद्दाम मोठ्याने बोलली, "मी हिसाए. मी बोलतेय." यंत्राने काही पकडलं नाही. पकडणारच नव्हतं. जिवंत माणसाचं बोलणं त्या पट्टीत जातच नाही.

मग जे बोलत होतं, ते कुठल्या गळ्यातून बोलत होतं?

तिने दारातून नोजिरीसानना हाक मारली आणि काही न सांगता हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले.

लाल उजेडात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी हेडफोन सावकाश काढले आणि हात जोडले. मान खाली घालून उभ्या राहिल्या.

मग म्हणाल्या, "मी काही ऐकलेलं नाही."

"नोजिरीसान..."

"मी काही ऐकलेलं नाही, हिसाए. दोन वर्षांत मला पेन्शन आहे. आणि तूही ऐकलेलं नाहीस. कुणाचं काही वाईट करतायत का ते? बिचाऱ्या जिवांना थोपटतायत. थोपटू दे की!"

मावशीलाही आधी तसंच वाटलं होतं. खरंच सांगते, तिला भीती वाटली नव्हती.

पण त्याच संध्याकाळी ती बसची वाट बघत उभी होती. रस्त्याच्या मधोमध बर्फ वितळवणारे पाण्याचे फवारे उडत होते. थांब्यावर एक कागद चिकटवलेला होता. 'निरोगी तरुण हवेत. छातीतल्या धडधडीवरच्या नवीन औषधाची चाचणी. फेब्रुवारी.'

औषधाचं नाव नव्हतं. पण तिला कळलं.

तेच औषध.

आता माझं ऐका, कारण सगळा पेच इथेच आहे. ताण पडल्यावर हृदय दगा देतं का, हे बघायचं होतं. पण उंदरांवर ताण पडतच नव्हता. कुणीतरी तो पडू देत नव्हतं. म्हणजे सगळी हृदयं ठणठणीत दिसणार, औषध सुरक्षित ठरणार, आणि फेब्रुवारीत ती वीस-बावीस वर्षांची मुलं ते घेणार...

त्या मुलांना थोपटायला कोण असणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टर कुरामोचींच्या खोलीत गेली. प्रयोगाचे प्रमुख तेच. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता.

"चोवीसही जिवंत आहेत, हृदयं उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "मग अडलं कुठे?"

"ते घाबरतच नाहीयेत, डॉक्टर. मिठाच्या पाण्यावालेसुद्धा. ही चाचणीच झालेली नाही."

"तुमचा हात हलका आहे. कौतुक समजा."

"डॉक्टर, खोलीत काहीतरी..." ती थांबली. काय सांगणार? "खोलीत काहीतरी त्यांना शांत करतंय."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हिसाएसान, उद्या अहवाल जायचाय. शांत असतील तर घाबरवा त्यांना. तुमचं कामच आहे ते."

घाबरवा त्यांना.

दुपारी सव्वा वाजता मावशी रात्रखोलीत शिरली. एकटी. चोवीस नळ्या लावल्या. यंत्र चालू केलं, पण हेडफोन घातले नाहीत. आज तिला ऐकायचं नव्हतं.

सगळे उंदीर शांत पडून होते.

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. कुठे बघून बोलायचं ते कळेना. शेवटी समोरच्या काळोखाकडेच बघून बोलली.

"त्सुबोनोसान... मी हिसाए."

पंख्याची घरघर.

"तुम्ही यांना सांभाळताय, मला माहीत आहे. पण आज नको. आज यांना घाबरू द्या. नाहीतर उद्या माणसं मरतील. पोरं आहेत हो, कोवळी. कृपा करा... इथून जा."

काहीच नाही.

ती थांबली. हात जोडून उभी राहिली. किती वेळ, तिला सांगता येत नाही. मागच्या पिंजऱ्यांमधून, प्रयोगाबाहेरच्या उंदरांनी लाकडाचे तुकडे कुरतडल्याची कुरकुर सतत येत असते. ती कधी थांबली, तिला कळलंच नाही.

मग तिच्या डाव्या बाजूने हवा सरकली.

कुणी अंग चोरून, धक्का न लावता बाजूने जावं, तशी.

दार उघडलं नाही. बंदही झालं नाही.

आणि पुढच्या क्षणी...

पहिला उंदीर किंचाळला.

मग दुसरा. मग सगळे. चोवीस नळ्या टेबलावर थडथड आपटायला लागल्या. मावशी म्हणते, एकोणीस वर्षांत तिने तसा आवाज ऐकला नव्हता. भुकेल्या पोरासारखा नव्हता तो. कुणीतरी आपल्याला सोडून गेलंय, हे कळलेल्या पोरासारखा होता.

तिने कानांवर हात ठेवले नाहीत. अर्धा तास पुरा करायचा होता. घड्याळाकडे बघत उभी राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही.

सोळाव्या मिनिटाला एक नळी थांबली.

मग तिच्या शेजारची.

मग आणखी एक...

अर्धा तास झाल्यावर तिने लाल उजेडात एकेक नळी चाचपली. ज्यांतले उंदीर थंड पडायला लागले होते, त्या वेगळ्या ठेवल्या.

दहा.

त्यातले नऊ औषधवाले. नऊही हृदयांवर काळपट डाग होते. संध्याकाळी डॉक्टर कुरामोची बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलेनात. मग स्वतःच फोनकडे गेले. प्रयोग थांबला. औषध थांबलं. फेब्रुवारीची चाचणी रद्द झाली. त्या मुलांना कारण कधी कळलं नाही, कळणारही नाही. आज कुठेतरी नोकऱ्या करत असतील, लग्नं झाली असतील.

दहावा उंदीर मिठाच्या पाण्यावाला होता.

त्याचं हृदय स्वच्छ होतं. फुप्फुसं, मेंदू, सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. अहवालात मृत्यूचं कारण लिहायची जागा कोरीच राहिली.

मार्चमध्ये मावशीने नोकरी सोडली. सगळ्यांना वाटलं, उंदरांचं मनाला लागलं. मलाही तसंच वाटायचं. मागच्या वर्षी आजीच्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो, तेव्हा मी सहज विचारलं. मावशीने हातातली बशी खाली ठेवली आणि हे सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "पण मावशी, तू तर पोरांना वाचवलंस. आणि त्सुबोनोसानही शहाण्यासारखे निघून गेले. मग तुला त्रास कसला होतो?"

तिने हातातला फडका पिळला.

"यंत्र चालू होतं गं," ती म्हणाली.

त्या दुपारचं सगळं यंत्रात साठलं होतं. तिने ते रविवारी घरी, एकटीने ऐकलं. तिचं स्वतःचं बोलणं त्यात नव्हतंच, ती पट्टी वेगळी. सुरुवातीला नुसती चिवचिव. मग ती हळूहळू थांबते. मग बराच वेळ उंदरांचं काही नाही. म्हणजे मावशी हात जोडून उभी होती, तो वेळ.

आणि त्या वेळात...

त्सुबोनोसान बोलले होते. या वेळी पुटपुट नव्हती. स्पष्ट. अगदी जवळून.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"एकच शब्द. तीनदा. मध्ये थांबून, उत्तराची वाट बघितल्यासारखा."

"कुठला शब्द?"

मावशीने माझ्याकडे बघितलं नाही.

"'किती?'"

बाहेरच्या खोलीत मंडळी हसत होती. कुणीतरी चहा मागत होतं.

"किती जिवांना घाबरू द्यायचं, ते मला विचारत होते," मावशी म्हणाली. "आणि मी तिथेच उभी होते गं, हातभर अंतरावर. मला ऐकू आलं असतं तर मी म्हटलं असतं... एक. एक पुरे."

तिने बशी परत उचलली. पुसलेली होती, तरी पुसत राहिली.